पुढच्या होडीला शिवायचं! केंब्रिजच्या ‘बंप्स’ शर्यती, नाशिककरांसाठी

माझी भाची केंब्रिजला शिकते. गेल्या जूनमध्ये तिनं घरच्या ग्रुपवर अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओ टाकला. अरुंद नदी, दोन्ही काठांना गवत, पाण्यात सुईसारखी लांबलचक होडी आणि आत आठ मुली वल्ही मारतायत. काठावरून एक जण सायकलवर होडीच्या बरोबरीनं धावतोय आणि जीव तोडून शिट्ट्या फुंकतोय. मग होडीचं टोक पुढच्या होडीच्या शेपटाला लागतं. सगळ्या किंचाळतात, दोन्ही होड्या काठाला जातात आणि आमची पोरगी झाडाचा पाला तोडून केसांत खोचते. व्हिडिओ संपला.

आईनं लिहिलं, “कुणाला लागलं नाही ना गं?” भावजींना प्रश्न पडला की धडक झाल्यावर या नाचतायत कशाला. माझ्या भावानं विचारलं, “पहिलं कोण आलं?” त्यावर भाचीचं उत्तर आलं, “मामा, आम्ही चार दिवसांत तीन वर गेलो!” आता तीन वर म्हणजे कुठे वर, हे कुणालाच कळेना. कॉलेजात असताना मी दोन वर्षं गोदावरीत वल्ही मारली होती, त्यामुळे समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. आईला फोनवर सांगायला पाऊण तास लागला. तिला सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण मला ही शर्यत मनापासून आवडली आहे आणि आपल्या गावाशी तिचा संबंध आहे असं मला वाटतं.

आधी होडी समजून घेऊ

व्हिडिओतली होडी आठ जणांची होती. तिला ‘एट’ म्हणतात. लांबी साधारण 17 ते 18 मीटर, म्हणजे रस्त्यावर दीड एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी जागा लागेल तेवढी. रुंदी मात्र दोन फुटांच्याही आत. एवढ्या लांब होडीचं वजन शंभर किलोच्या आसपास असतं. आठ-नऊ जण मिळून ती सहज खांद्यावर घेतात. प्रत्येकाच्या हातात एकच वल्हं, एकाचं उजवीकडे तर पुढच्याचं डावीकडे. बसायची पाटी चाकांवर मागेपुढे सरकते, त्यामुळे खरा जोर हातांपेक्षा पायांतून येतो.

नववा माणूस शेपटाकडे बसतो, तो कॉक्स. त्याच्या हातात वल्हं नसतं, सुकाणू असतं. होडीत पुढे बघत असतो तो एकटाच. वल्हेकरी पाठमोरे बसतात. होडी जिकडे जाते तिकडे त्यांची पाठ असते आणि तोंड मागे, कॉक्सकडे.

हे लक्षात ठेवा, कारण या शर्यतीची सगळी गंमत त्यात आहे. जी होडी पाठलाग करते तिच्या वल्हेकऱ्यांना आपलं सावज दिसत नाही. त्यांनी कॉक्सच्या आवाजावर विश्वास ठेवून ओढत राहायचं. आणि जी होडी पळते तिच्यातल्या आठही जणांना मागून येणारं टोक समोर दिसत असतं, प्रत्येक वल्ह्यागणिक जवळ येताना.

शेजारी-शेजारी का नाही धावत?

रोइंग म्हटलं की नाशिककरांच्या डोळ्यांसमोर दत्तू भोकनळ येतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा सैन्यात गेल्यावर वल्हं हातात धरायला शिकला आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या होडीत तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्यानं सुवर्णपदक मिळवलं. त्या शर्यती आपण टीव्हीवर पाहिल्या आहेत: 2,000 मीटर सरळ पाणी, सहा लेन, सहा होड्या शेजारी-शेजारी, जो आधी रेषा ओलांडेल तो पहिला.

एक लेन साडेतेरा मीटर रुंद असते. सहा लेन म्हणजे 81 मीटर, तेही दोन किलोमीटरभर एकही वळण न घेता. असं पाणी धरणात मिळतं, मोठ्या तळ्यात मिळतं, नाहीतर मुद्दाम खणून काढावं लागतं. शहरातून वाहणारी नदी असं सरळ पाणी क्वचितच देते. आपली गोदावरी सोमेश्वरहून आनंदवली, तिथून रामकुंड, तिथून पुढे तपोवनापर्यंत किती वेळा अंग मुरडते, हे गंगापूर रोडला राहणाऱ्यांना सांगायला नको.

केंब्रिजची कॅम नदीही तशीच, अरुंद आणि वळणावळणाची. आठ जणांची होडी दोन्ही बाजूंची वल्ही धरून सहा-सात मीटर जागा घेते. अशा दोन होड्या जेमतेम शेजारून जातील, सहा तर शक्यच नाही. मग डझनावारी कॉलेजांनी शर्यत लावायची कशी?

उत्तर आधी ऑक्सफर्डला सापडलं, आणि ते कुणी मुद्दाम शोधून काढलं नाही. तिथल्या थेम्स नदीवर इफ्ली नावाच्या ठिकाणी ‘लॉक’ आहे. लॉक म्हणजे नदीच्या दोन पातळ्यांमधला दारं असलेला हौद. होड्या आत घ्यायच्या, पाणी भरायचं, मग वरचं दार उघडायचं. मुलं दुपारी खाली फिरायला जायची आणि परतताना या हौदात अडकायची. दार उघडलं की एकेक होडी बाहेर पडायची. पहिली सुटली की ती जोरात पळणार, दुसरी तिचा पाठलाग करणार, तिसरी दुसरीचा. शेजारी जायला जागाच नाही, म्हणून मागच्यानं पुढच्याला गाठायचं. कॉलेजांमधली अशी नोंदवलेली पहिली शर्यत 1815 ची, ब्रेझनोज आणि जीझस या दोन कॉलेजांची. केंब्रिजनं 1827 पासून हीच रीत उचलली. नदी जशी मिळाली, तशी शर्यत तिनं घडवली.

शिवाशिवी, पण पाण्यात

शाळेत आपण शिवाशिवी खेळायचो ना? मागच्यानं पुढच्याला शिवायचं, शिवलं की तो बाद. ही शर्यत म्हणजे तीच शिवाशिवी. मागच्या होडीनं पुढच्या होडीला शिवणं म्हणजे ‘बंप’, आणि म्हणून या शर्यतींना ‘बंप्स’ म्हणतात.

केंब्रिजमध्ये सतरा होड्यांचा एक गट असतो. त्या काठाच्या कडेनं एकामागे एक उभ्या राहतात, प्रत्येक दोन होड्यांत सुमारे 27 मीटर मोकळं पाणी. प्रत्येक कॉक्सच्या हातात एक साखळी असते, तिचं दुसरं टोक काठावर पक्कं बांधलेलं. प्रत्येकाला ही साखळी धरूनच सुरुवात करावी लागते, त्यामुळे कुणाला पुढे घसरता येत नाही. चार मिनिटं उरली की तोफेचा बार होतो, एक मिनिट उरलं की दुसरा. वल्ह्यांना पाणी मिळावं म्हणून काठावरचे लोक लांब बांबूनं होडी हळूच आत ढकलतात. तिसरा बार झाला की सतराही कॉक्स साखळ्या सोडतात आणि सगळ्या होड्या एकाच क्षणी सुटतात.

त्या शेवटच्या मिनिटाबद्दल मी भाचीला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, “मामा, तेव्हा नदीवर इतकी शांतता असते की वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी ऐकू येतं. आणि मागच्या होडीतल्या कॉक्सचा श्वाससुद्धा.” 27 मीटरवरचा श्वास ऐकू येत नसणार हे मला माहीत आहे, पण तिला तो ऐकू आला यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

27 मीटर म्हणजे किती?

एक साधा हिशोब करू. शर्यतीचं अंतर साधारण अडीच किलोमीटर आहे. दोन्ही होड्या एकाच वेगानं गेल्या तर 27 मीटरचं अंतर शेवटपर्यंत तसंच राहील. पण समजा मागची होडी, पुढची शंभर मीटर जाते तेवढ्या वेळात सव्वा मीटर जास्त जाते. सव्वा मीटर म्हणजे माणसाचे दोन पावलंही नाहीत. तरी पुढची सुमारे 2,160 मीटर गेली की मागची तिला गाठते.

आणि पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्येच गाठायचं असेल तर शंभरामागे साधारण साडेपाच मीटर जास्त जावं लागेल. त्यासाठी संघच सरस हवा. म्हणजे या खेळात दोन डाव असतात. दमदार संघ सुटल्या सुटल्या झडप घालतो. चिवट संघ दोन किलोमीटर थोडं थोडं अंतर खात राहतो आणि शेवटच्या लांब सरळ पट्ट्यात गाठतो. पळणाऱ्या होडीलाही आशा असते, कारण तिच्यापुढेही एक होडी आहे. आपण मागच्याच्या हाती लागायच्या आत पुढच्याला शिवलं की आपण सुटलो.

आता व्हिडिओतल्या शिट्ट्या. वल्हेकऱ्यांना पुढचं दिसत नाही, म्हणून काठावरून सायकलवर धावणारा प्रशिक्षक शिट्टीनं अंतर सांगतो. एक शिट्टी म्हणजे एक होडीभर अंतर उरलं. दोन म्हणजे अर्धी होडी. तीन म्हणजे पाव. आणि न थांबता वाजणारी शिट्टी म्हणजे टोक पुढच्याच्या शेपटाला समांतर आलंय, आता जीव काढा. पुढच्या होडीतल्यांनाही तीच शिट्टी ऐकू येते, हे वेगळं सांगायला नको.

शिवलं हे कसं ठरतं? होडी होडीला लागली, वल्हं लागलं, किंवा मागची होडी पूर्ण पुढे निघून गेली, यातलं काहीही झालं की बंप. पण बऱ्याचदा तोपर्यंत वेळ येत नाही. आता सुटका नाही हे दिसलं की पुढचा कॉक्स हात वर करतो. तो हात वर गेला की मागच्यांनी लगेच थांबायचं. मग दोन्ही होड्या बाजूला होतात, मागून येणाऱ्यांना वाट देतात, आणि जिंकलेला संघ काठावरच्या विलोच्या झाडाचा पाला डोक्याला लावून घरी जातो. आमच्या पोरीच्या केसांत होता तो हाच पाला.

उद्या कुठून निघायचं?

शर्यत एका दिवसाची नसते. केंब्रिजची मोठी स्पर्धा बुधवार ते शनिवार अशी चार दिवस चालते. तिला ‘मे बंप्स’ म्हणतात, भरते मात्र जूनमध्ये. पूर्वी मेमध्ये व्हायची, पुढे परीक्षांनंतर सरकली आणि नाव तेच राहिलं. ऑक्सफर्डची अशीच स्पर्धा मे महिन्याच्या अखेरीस असते. केंब्रिजला शंभराहून जास्त संघ उतरतात, म्हणजे हजाराच्या आसपास मुलंमुली. मुलांचे आणि मुलींचे गट वेगळे. मुलींच्या शर्यती 1970 च्या दशकात सुरू झाल्या.

आता खरी गोष्ट. आज तुम्ही पुढच्याला शिवलंत, तर उद्या तुम्ही त्याच्या जागेवरून निघणार आणि तो तुमच्या. जागांची अदलाबदल, बस्स. कुणी कुणाला गाठलंच नाही तर जागा तशीच राहते. याला ‘रो ओव्हर’ म्हणतात.

आईला हे कळावं म्हणून मी वाकडी बारवेपासून निघणाऱ्या आपल्या विसर्जन मिरवणुकीचं उदाहरण दिलं. मंडळं एकामागे एक उभी. रस्ता अरुंद, शेजारून जायला जागा नाही. समजा असा नियम केला की मागच्या मंडळानं पुढच्याला गाठलं की दोघांचे क्रमांक बदलायचे आणि पुढच्या वर्षी त्याच क्रमानं निघायचं. म्हणजे आज कमावलेली जागा वर्षभर तुमची. आई म्हणाली, “मग कुणी एका चौकात तास तास थांबणारच नाही.” तिला लगेच कळलं.

दोन बारकावे सांगतो, कारण ते कळले की भाचीच्या व्हिडिओखालचे मेसेज वाचता येतात. समजा तुम्ही आठव्या जागी आहात. सातव्यानं सहाव्याला शिवलं, दोघंही बाजूला गेले. आता तुमच्यापुढे मोकळं पाणी आणि दूरवर पाचवा. त्याला गाठलंत तर तुमची आणि त्याची अदलाबदल: तुम्ही एकदम तीन वर, पाचवे, आणि तो आठवा. याला ‘ओव्हरबंप’ म्हणतात. हे फार कमी वेळा घडतं, कारण सुरुवातीलाच तुमच्यात आणि त्याच्यात दोन होड्या आणि तीन वेळा 27 मीटर पाणी असतं.

दुसरा बारकावा गटांचा. खालच्या गटाची शर्यत आधी होते. खालच्या गटात जी होडी सर्वांत वर असते, ती त्याच दिवशी वरच्या गटाच्या तळाला पुन्हा उभी राहते. तिला ‘सँडविच बोट’ म्हणतात. अडीच किलोमीटर जीव तोडून ओढायचं, परत मागे यायचं आणि पुन्हा तेवढंच ओढायचं. वरच्या गटात शिरायचा दुसरा रस्ताच नाही. मला विचाराल तर अख्ख्या नदीवर सर्वांत अवघड काम या होडीचं.

मग पहिलं कोण आलं?

आता माझ्या भावाचा प्रश्न. उत्तर असं, की त्या वर्षी पहिलं ‘येत’ कुणी नाही. सर्वांत वरच्या गटात पहिल्या जागेवर चार दिवसांनंतर जो उभा असतो, तो ‘हेड ऑफ द रिव्हर’, नदीचा प्रमुख म्हणा. पण ही जागा एका आठवड्यात मिळत नाही, कारण यंदा जिथे संपलं, पुढच्या वर्षी कॉलेजची होडी तिथूनच निघते. मुलं बदलतात, जागा राहते.

चार दिवसांत चार बंप केले तर चार जागा वर. सतराव्या जागेवरून पहिल्यावर जायचं म्हणजे सोळा बंप. एकही दिवस न चुकता, दरवर्षी चारच्या चार, असे केले तरी चार वर्षं. तिथली पदवी बहुतेक वेळा तीन वर्षांची. म्हणजे जो मुलगा सतराव्या जागेवरून चढायला सुरुवात करतो, तो शिखरावर कॉलेज पोचताना होडीत नसतो. तो जागा वर नेतो आणि पुढच्या तुकडीच्या हाती देऊन जातो.

मला या नियमानं वेड लावलं. आपल्याकडच्या खेळांत दरवर्षी पाटी कोरी होते. इथे वीस वर्षांपूर्वी कुणीतरी पावसात एक बंप वाचवला, त्याचा फायदा आज होडीत बसलेल्या पोरींना मिळतो. त्यांनी आज हार मानली तर त्याची किंमत पुढच्या वर्षी नव्यानं वल्हं धरणारी मुलगी देणार. हे माहीत असल्यावर शेवटचे दोनशे मीटर माणूस वेगळ्याच जोरानं ओढतो.

आणि म्हणूनच साठाव्या नंबरच्या होडीची शर्यतही खोटी नसते. तिला पहिल्याशी काही देणंघेणं नाही. तिला फक्त एकोणसाठावीला गाठायचंय आणि एकसष्टावीपासून सुटायचंय. तिच्यासाठी वेगळं बक्षीसही आहे: जो संघ चारही दिवस बंप करतो, तो ‘ब्लेड्स’ मिळवतो. त्यांना आपल्या वल्ह्यावर संघातल्या सगळ्यांची नावं रंगवून घ्यायचा मान मिळतो. तळाच्या गटातल्या होडीलाही हा मान मिळू शकतो. चारही दिवस ज्यांना कुणीतरी शिवलं, त्यांच्या वाट्याला ‘स्पून्स’, चमचे येतात.

माझ्या भाचीच्या संघानं बुधवारी बंप केला, गुरुवारी कुणी सापडलं नाही, शुक्रवारी आणि शनिवारी पुन्हा बंप. तीन वर. ब्लेड्स एका दिवसानं हुकली. गुरुवारी काय झालं हे तिनं मला तीन वेळा सांगितलं. पुढच्या दोन होड्यांनी आधीच एकमेकींना गाठलं, मग समोर नुसतं रिकामं पाणी आणि दूर कुठेतरी एक होडी.

हा अन्याय नाही का?

भावजींनी हा मुद्दा काढला आणि तो बरोबर आहे. समजा यंदा एका कॉलेजात अफाट संघ जमला, पण गेल्या वर्षीचा संघ कच्चा होता म्हणून ते तिसाव्या जागी आहेत. ते कितीही वेगवान असले तरी चार दिवसांत फार तर सव्विसाव्या जागी जाणार, ओव्हरबंप मिळाला तर थोडं आणखी वर. सर्वांत वेगवान संघ कोणता, हे ही शर्यत सांगत नाही.

ती ते सांगायला निघालेलीच नाही, असं माझं उत्तर आहे. सर्वांत वेगवान कोण हे ठरवायला वेळ लावून घेतलेल्या शर्यती तिथेही होतात. बंप्सच्या तळाच्या जागांसाठी कोणते नवे संघ घ्यायचे हेसुद्धा वेळ लावूनच ठरतं. पण वेळेच्या शर्यतीत शंभर संघ उतरले तर त्यातल्या नव्वदांना पहिल्या दिवशीच कळतं की आपण जिंकणार नाही. बंप्समध्ये प्रत्येकाला आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी 27 मीटरवर मिळतो. वर्षानुवर्षांच्या अदलाबदलीनं होड्या आपोआप आपापल्या ताकदीच्या शेजारी येऊन बसलेल्या असतात.

आणि लागलं तर?

आईचा पहिला प्रश्न हाच होता, आणि तो हलक्यानं घेण्यासारखा नाही. 1888 साली केंब्रिजच्या शर्यतीत मागच्या होडीचं टोकदार नाक लागून पुढच्या होडीतला एक वल्हेकरी जागीच गेला. त्यानंतर प्रत्येक होडीच्या टोकाला रबरी चेंडू बसवणं सक्तीचं झालं. आज जगातल्या कुठल्याही शर्यतीच्या होडीच्या नाकावर लहान पांढरा गोळा दिसतो, तो याचसाठी. आपल्याकडच्या होड्यांवरही आहे. मी कॉलेजात असताना त्या गोळ्याचा उपयोग कुणी सांगितला नव्हता; आम्हाला ती शोभा वाटायची.

आता काठावर जागोजागी पंच असतात आणि होड्या अडकल्या की सगळ्यांना थांबवायची सोय असते. कॉक्सना हात केव्हा वर करायचा हे शिकवलं जातं, आणि उशिरा केला तर संघाला दंड होतो. तरी वळणावर होड्या गुंततात, वल्ही मोडतात. आईला मी हे लपवलं नाही.

गोदावरीत होईल का?

हा प्रश्न कुणी विचारला नाही, माझाच आहे.

आपल्याकडे कॉलेजांची वल्ह्यांची परंपरा आहे. पुण्यात सीओईपीच्या मुलांची मुळा नदीवरची रेगाटा प्रसिद्ध आहे, पण तिथे पाठलागापेक्षा होड्यांच्या रचना आणि मशालींची शोभा जास्त. नाशिकला गोदावरीच्या काठी केटीएचएमचा बोट क्लब आहे आणि जिल्ह्यात दत्तूचं नाव ऐकून वल्हं धरलेली पोरं आहेत. आपल्याकडे नाही ते दोन किलोमीटर सरळ, रुंद पाणी. बंप्सना ते लागतच नाही.

अडचणी मला माहीत आहेत. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की दुतोंड्या मारुती किती बुडाला हे बघायला अख्खं गाव काठावर येतं; त्या पाण्यात होडी घालणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे थंडीचे महिनेच हातात राहतात. त्याच महिन्यांत पाणवेली वाढतात, आणि वल्ह्याला पाणवेल अडकली की आठ जणांचा ताल एका झटक्यात तुटतो. नाल्यांचं पाणी नदीत येतं, त्याचा वास मी अनुभवलाय. नदी साफ होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर माझ्या भाचीची मुलं मोठी होतील. पण रोज संध्याकाळी शंभर पोरं पाण्यात उतरायला लागली आणि त्यांचे आईबाप काठावर उभे राहायला लागले, तर नदीत काय सोडलं जातं हे विचारणारी माणसंही वाढतील, असं मला खरंच वाटतं.

पैशांचाही मुद्दा आहे. आठ जणांची नवी होडी कॉलेजांना परवडणार नाही. पण नियम आठ जणांनाच बांधलेला नाही. चौघांच्या होड्या घेतल्या, सहा संघ जमवले, दोन होड्यांमधलं अंतर होडीच्या लांबीच्या दीडपट ठेवलं की खेळ तोच. धडक नको असेल तर टोक पुढच्याच्या शेपटाला समांतर आलं की बंप धरावा आणि कॉक्सनं हात वर करावा. केंब्रिजमध्येच विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी जुलैमध्ये चार संध्याकाळी असे ‘टाउन बंप्स’ होतात. नोकरी करणारी माणसं कामावरून सुटून येतात आणि उतरतात. चारच संध्याकाळी. एवढाच वेळ लागतो.

गेल्या रविवारी मी तीस मीटरची टेप घेऊन आनंदवलीजवळ नदीकाठी गेलो, भावाचा मुलगा बरोबर होता. एका दगडापाशी त्याला उभं केलं, टेपचं टोक त्याच्या हातात दिलं आणि काठाकाठानं मागे चालत 27 मीटरवर थांबलो. वाटलं होतं त्यापेक्षा अंतर बरंच लहान होतं. त्याच्या शर्टावरची अक्षरं मला चष्म्याशिवाय वाचता येत होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि तिथूनच ओरडून विचारलं, “काका, होडीत चार जण लागतात ना? तिघं आहेत माझ्याकडे.”